जुन्या पत्त्यावर आलेला माणूस

गेल्या मे महिन्याच्या सुट्टीत आमचा एक माजी विद्यार्थी घरी आला. दहावीपर्यंत आमच्याच शाळेत उर्दू माध्यमातून शिकलेला, पुढे इंजिनिअर होऊन आता संगणकाच्या एका कंपनीत नोकरीला लागलेला. चहा झाल्यावर त्याने पिशवीतून चार छापील कागद काढले आणि म्हणाला, "सर, हे जरा वाचून बघा. प्रश्नपत्रिकेवरच्या सूचना नीट वाचा म्हणून तुम्ही आम्हाला किती बोलायचा. आता मी सूचना लिहितोय, आणि त्या वाचणारा माणूस नाहीये."

संगणकातले आम्हाला फार कळते असे नाही. पण चार कागदांनी आमची सुट्टी खाल्ली, आणि जो प्रश्न डोक्यात घर करून बसला तो संगणकाचा नव्हताच. म्हणून तो वाचकांसमोर ठेवीत आहोत.

आधी कागद कसले होते ते सांगतो. संकेतस्थळावरच्या प्रत्येक पानाला स्वतःचा पत्ता असतो. पान दुसरीकडे हलवले की जुन्या पत्त्यावर येणाऱ्याला आपोआप नव्या पत्त्यावर नेण्याची सोय करतात. तिला रीडायरेक्ट म्हणतात. आपण वळण म्हणू. मोठ्या संकेतस्थळावर अशा वळणांची लांबलचक यादी असते. एका रकान्यात जुना पत्ता, दुसऱ्यात नवा, तिसऱ्यात हे वळण कायमचे की तात्पुरते याची नोंद. त्यासाठी आकडेही ठरलेले आहेत, ३०१ म्हणजे कायमचे आणि ३०२ म्हणजे तात्पुरते. आतापर्यंत ही यादी कोणी तरी माणूस हाताने सांभाळीत असे. आमच्या विद्यार्थ्याच्या कंपनीने ती सांभाळण्याचे एक साधन तयार केले आहे, आणि ते साधन माणूस नव्हे तर एआय एजंट चालवणार आहे. एजंटाला साध्या भाषेत काम सांगायचे. कोणते साधन कसे वापरावे हे त्या साधनाचे सूचनापत्रक वाचून तो स्वतः ठरवतो. मिक्सरच्या डब्यात येणारी पुस्तिका आपण कोणी वाचत नाही. हा वाचणारा अक्षरन् अक्षर वाचतो आणि लगेच तसे करायला घेतो. ते सूचनापत्रक म्हणजे हे चार कागद.

वळण म्हणजे काय हे वसईकराला समजावून सांगायची गरज नाही. ३ जुलै २००९ ला वसई, विरार, नालासोपारा आणि नवघर-माणिकपूर या चार नगरपरिषदा आणि भोवतालची गावे मिळून महानगरपालिका झाली. १ ऑगस्ट २०१४ ला ठाणे जिल्ह्याचे विभाजन झाले आणि आमचे जिल्ह्याचे ठिकाण ठाण्याहून पालघरला गेले. आम्ही होतो तिथेच होतो, पण आमच्या कागदांनी कोणत्या दिशेची गाडी पकडावी ते बदलले. आमच्या वर्गातल्या मोठ्या मुलांच्या जन्मदाखल्यावर अजून 'जिल्हा ठाणे' आहे, त्यांच्या धाकट्या भावंडांच्या दाखल्यावर 'जिल्हा पालघर'. एकच घर, एकच गल्ली. वसई रोड स्टेशनच्या पाटीवरून 'बेसीन' केव्हाच गेले, पण रेल्वेच्या तिकिटातला संकेत अजून बीएसआर, म्हणजे बेसीन रोड, असाच आहे. कोणी तरी शहाणपणाने किंवा आळसाने तो तसाच राहू दिला. कारण काहीही असो, त्यामुळे कोणाची गाडी चुकली नाही.

वर्गातही एक वळण रोज आमच्या हाताखालून जाते. बालभारतीच्या पुस्तकांत, आमच्या उर्दू पुस्तकांतही, क्यूआर कोड छापलेले असतात. केंद्र सरकारने ५ सप्टेंबर २०१७ ला सुरू केलेल्या 'दीक्षा' या व्यासपीठाशी ते जोडलेले आहेत. कागदावरचा कोड बदलत नाही. तो दाखवल्यावर कोणता धडा, कोणती चित्रफीत उघडावी हे मात्र मागच्या बाजूने बदलता येते. सातवीतल्या मुलीने वडिलांचा मोबाइल कोडासमोर धरला की जे उघडेल ते तिच्या पुस्तकाचाच भाग आहे असे ती समजते. मध्ये कोणी तरी हात फिरवून दिशा ठरवली आहे याची तिला कल्पनाही नसते.

वळणाची नैतिक बाजू इथे सुरू होते असे आम्हाला वाटते. जो जुन्या पत्त्यावर येतो त्याला वळण दिसत नाही. त्याने कोणाला प्रश्न विचारलेला नसतो आणि कोणी त्याची परवानगी घेतलेली नसते. त्याच्या हातात एक जुना कागद असतो आणि त्या कागदावर त्याचा विश्वास असतो. पत्ता कोणत्या दिशेला न्यायचा हे ज्याच्या हातात, त्याच्याकडे त्या येणाऱ्याची अमानत असते. तो येणारा कोण हे त्याला ठाऊक नसले तरीही.

आमचा विद्यार्थी हे कागद घेऊन आला होता, त्याला कारण घडले होते. एका संस्थेच्या संकेतस्थळावर त्यांच्या साधनाची चाचणी चालू होती. एजंटाला सांगितले होते, "तुटलेले पत्ते दुरुस्त कर." त्याने रात्रीतून ते काम संपवले. ज्या ज्या जुन्या पत्त्याला पान उरले नव्हते तो प्रत्येक पत्ता त्याने संस्थेच्या मुखपृष्ठाकडे वळवला. सकाळी तपासले तर तुटलेला पत्ता एकही नाही. अहवाल स्वच्छ. आणि दोन दिवसांनी पालकांचे फोन सुरू झाले. शिष्यवृत्तीच्या अर्जाचा जो पत्ता पत्रकावर छापला होता, तो उघडला की संस्थेच्या इमारतीचा फोटो आणि अध्यक्षांचे मनोगत दिसे. लोक सायबर कॅफेत बसून ते मनोगत वरखाली करीत अर्ज शोधत राहिले. अर्जाचे पान दुसऱ्या जागी व्यवस्थित होते. 'पान सापडले नाही' असे नुसते दिसले असते तरी पालकांनी पहिल्याच दिवशी फोन केला असता. पण समोर काही तरी उघडत होते, म्हणून चूक आपलीच असेल असे त्यांना वाटले. गरीब माणसाला कागदाच्या कामात नेहमी चूक आपलीच वाटते.

"त्याने सांगितलं तेच केलं, सर," विद्यार्थी म्हणाला.

हे वाक्य आम्ही पूर्वी ऐकले होते. शाळेला मागच्या रस्त्याकडून नवी इमारत मिळाली त्या वर्षीची गोष्ट. जूनचा पहिला दिवस, पाऊस. वर्ग नव्या इमारतीत गेले होते, कार्यालय अजून जुन्यात होते. आम्ही सहावीतल्या एका मुलाला जुन्या गेटवर उभे केले आणि सांगितले, जो येईल त्याला नव्या गेटवर पाठव. सातवीतल्या एकाला नव्या गेटवर उभे करून सांगितले, दाखल्याच्या किंवा कार्यालयाच्या कामाला कोणी आले तर जुन्या गेटवर पाठव. दोन्ही सूचना आपापल्या जागी बरोबर होत्या. एक आजीबाई नातवाचा शाळा सोडल्याचा दाखला न्यायला आल्या. जुन्या गेटवरच्याने नव्या गेटवर पाठवले, नव्या गेटवरच्याने जुन्या. इमारतीला वळसा घालून त्या तीन फेऱ्या चालल्या आणि मग समोरच्या दुकानाच्या पत्र्याखाली बसून राहिल्या. शिपायाने पाहिले म्हणून कळले. आम्ही माफी मागायला गेलो तर त्या म्हणाल्या, "बच्चे बहुत तमीजवाले हैं, सर. दोनों ने हाथ पकड़ के रास्ता दिखाया."

आम्ही आधी मुलांनाच रागावलो, हे इथे लिहिलेच पाहिजे. मोठा गप्प राहिला. लहान म्हणाला, "तुम्ही सांगितलं होतं ना सर, जो येईल त्याला."

आमचा विद्यार्थी हसला. त्यांच्या धंद्यात हीच चूक रोज होते म्हणाला. एक वळण दुसऱ्याकडे नेते आणि दुसरे पुन्हा पहिल्याकडे. ब्राउझर वीसेक फेऱ्या मारून थकतो आणि 'फार वळणे झाली' असे सांगून थांबतो. तेवढी तरी दया यंत्रात आहे.

आता प्रश्न असा की आजीबाईंच्या तीन फेऱ्यांचा हिशेब कोणाच्या खात्यावर? फिक्हमध्ये यावर जुना विचार आहे. प्रत्यक्ष कृती करणारा तो 'मुबाशिर' आणि तिला कारण होणारा तो 'मुतसब्बिब'. उस्मानी राजवटीत १८६९ ते १८७६ या काळात तयार झालेल्या 'मजल्ला' या दिवाणी संहितेच्या नव्वदाव्या कलमात हा नियम आहे. दोघे एकत्र आले तर जबाबदारी प्रत्यक्ष करणाऱ्याकडे जाते. एकाने विहीर खणली आणि दुसऱ्याने कोणाचे जनावर तिच्यात ढकलले, तर भरपाई ढकलणाऱ्याने द्यायची. पण सार्वजनिक रस्त्यात परवानगीशिवाय खणलेल्या विहिरीत जनावर आपण होऊन पडले, तर खणणारा सुटत नाही. नियम साधा आहे, कारण तो जी माणसे गृहीत धरतो त्यांना इच्छा असते, अक्कल असते, आणि त्यांना काजीसमोर उभे करता येते.

एजंट या दोहोंपैकी कोण? ढकलणारा म्हणावे तर त्याला हजर कसे करणार? त्याला शिक्षा नाही, लाज नाही, रात्री झोप न येणे नाही. निव्वळ अवजार म्हणावे तर कुदळ स्वतः ठरवत नाही की कुठे खणायचे, आणि हा ठरवतो. 'तुटलेले पत्ते दुरुस्त कर' याचा अर्थ त्याने स्वतः लावला. आम्हाला वाटते, इच्छा नसलेल्याच्या हातून जे घडते ते मागे सरकत सरकत इच्छा असलेल्यापाशी येऊन थांबते. म्हणजे ज्याने काम सांगितले त्याच्यापाशी, ज्याने परवानगी दिली त्याच्यापाशी, आणि ज्याने सूचनापत्रक लिहिले त्याच्यापाशीही. तिसऱ्याची आठवण सहसा कोणाला होत नाही. तो बिचारा कागद लिहून घरी गेलेला असतो.

विद्यार्थ्याला हे पटले नाही. त्याचे म्हणणे, एजंट सहावीतल्या मुलापेक्षा पुष्कळ हुशार आहे, न सांगितलेलेही समजून घेतो. आम्ही म्हटले, भीती त्याचीच आहे. निर्बुद्ध यंत्र सूचनेत खड्डा आला की अडते. हुशार यंत्र तो खड्डा अंदाजाने भरून पुढे जाते आणि अहवालात खड्ड्याचा उल्लेख करीत नाही. मग प्रत्येक वेळी विचारूनच कर असे लिहावे का? तो म्हणाला, "मग त्याचा उपयोग काय, सर? आणि विचारलं तरी लोक न वाचताच 'हो' दाबतात." यावर आम्हाला बोलता आले नाही. मे महिन्यात दाखल्यांचा गठ्ठा समोर आला की आम्हीही वर्गशिक्षक म्हणून किती सह्या वाचून करतो, हे आमचे आम्हाला ठाऊक आहे.

तेव्हा उत्तर आम्ही आमच्याच धंद्यात शोधले. बी.एड.ला असताना पाठ टाचणात 'विद्यार्थी पाठ समजून घेतो' असे उद्दिष्ट लिहिले की आमचे मार्गदर्शक लाल रेघ मारीत. समजून घेतो म्हणजे काय करतो ते लिहा, म्हणत. दिसेल अशी कृती लिहा. विद्यार्थ्याच्या कागदावर पहिलेच वाक्य होते, 'हे साधन अवैध पत्ते दुरुस्त करते.' आम्ही त्यावर तशीच लाल रेघ मारली. साधन दुरुस्त काहीच करत नाही, ते तक्त्यात एक ओळ लिहिते किंवा पुसते. तेवढेच लिही. दुरुस्ती झाली की नाही हे येणारा सांगेल.

तिथेच आम्ही संकल्पनाप्राप्ती प्रतिमान शिकलो होतो. मुलाला 'फळ' ही कल्पना द्यायची तर आंबा आणि पेरू दाखवून भागत नाही, बटाटाही दाखवावा लागतो. नकारार्थी उदाहरणाशिवाय कल्पनेला कडा येत नाहीत. चार कागदांत सगळी उदाहरणे आंबा-पेरूची होती. बटाटा एकही नव्हता. सूचनापत्रक लिहिणाऱ्याला आपले साधन नेहमी बरोबर चालतानाच दिसते, यात नवल नाही. आम्ही त्याला शिष्यवृत्तीची हकीगत जशीच्या तशी बटाटा म्हणून घालायला सांगितली.

आणि एक गोष्ट लाल शाईची. शाळेचे जनरल रजिस्टर ज्यांनी हाताळले आहे त्यांना ठाऊक आहे की त्यातले नाव, जन्मतारीख, जन्मगाव मनाला आले म्हणून बदलता येत नाही. शिक्षणाधिकाऱ्यांची मंजुरी लागते. आमच्याकडे बदल केला तरी जुनी नोंद वाचता येईल अशीच ठेवतात आणि शेजारी लाल शाईने आदेशाचा क्रमांक आणि तारीख लिहितात. यासाठी पालकांना किती हेलपाटे पडतात ते आम्ही पाहतो आणि चिडतोही. पण वीस वर्षांनी जुना दाखला घेऊन आलेल्या माणसाला 'हो, हे तुम्हीच' असे सांगता येते ते त्या लाल शाईमुळे. आपल्या समाजात नावाच्या स्पेलिंगपायी किती जणांची कामे अडतात हे वाचकांना सांगायला नको. विद्यार्थ्याच्या साधनात जुनी ओळ पुसली की पुसली. शिवाय काहीच न सांगितल्यास ते वळण 'कायमचे' धरून चालत होते. कायमचे वळण ब्राउझर लक्षात ठेवतो. मागे दुरुस्ती केली तरी ज्याने एकदा चुकीच्या वळणाने प्रवास केला त्याचा संगणक पुढेही तिकडेच जात राहू शकतो. म्हणजे माफी मागून झाल्यावरही आजीबाई फेऱ्या मारीतच आहेत.

अमेरिकेतल्या प्यू संशोधन केंद्राने २०२४ मध्ये एक पाहणी प्रसिद्ध केली. २०१३ मध्ये इंटरनेटवर असलेल्या पानांपैकी ३८ टक्के पाने दहा वर्षांनी उघडत नव्हती. वेबचे जनक टिम बर्नर्स-ली यांनी १९९८ मध्येच लिहून ठेवले होते की चांगला पत्ता तोच जो बदलत नाही. ते कोणी ऐकले नाही, आणि आता एजंट हजारो पत्ते एका रात्रीत बदलू शकतो.

आम्ही कागद वाचत असताना राहून राहून किबल्याची आठवण येत होती. हिजरतीनंतर सोळा-सतरा महिने मदिनेत बैतुल मुकद्दसकडे तोंड करून नमाज होत असे. मग काब्याकडे वळण्याचा आदेश आला. कुबा येथे फजरची नमाज चालू होती. एकाने येऊन बातमी दिली आणि सारी जमात नमाजमध्येच वळली. एका विश्वासू माणसाची खबर ग्राह्य धरावी यासाठी इमाम शाफई यांनी आपल्या 'रिसाला' या ग्रंथात याच प्रसंगाचा आधार घेतला आहे. मदरशात शिकताना आम्हाला त्यातली आज्ञाधारकता तेवढी शिकवली गेली. पण त्या वेळी लोकांनी जो प्रश्न विचारला तो आता आम्हाला मोठा वाटतो. जे जुन्या दिशेला तोंड करून नमाज पढले आणि बदलाआधीच ज्यांचे निधन झाले, त्यांचे काय? उत्तर मिळाले की त्यांचा ईमान वाया जाणार नाही. वळण झाले त्याच वेळी जुन्या पत्त्यावरच्यांची विचारपूस झाली, आणि तिची नोंद खुद्द कुरआनात राहिली.

विद्यार्थ्याने समासात आमच्या सूचना उतरवून घेतल्या आणि गेला. जुलैत त्याचा फोन आला. काहीच न सांगितल्यास वळण तात्पुरते धरायचे, हे मान्य झाले. पुसलेली ओळ तारखेसह जपून ठेवायची, हेही झाले. एकदम अनेक पत्ते बदलायचे असतील किंवा वळण कायमचे करायचे असेल तर माणसाला विचारायचे, बाकी वेळी नाही, अशी तडजोड निघाली. एक वाक्य मात्र त्याच्या साहेबांनी काढून टाकले. 'नव्या पत्त्यावर तीच वस्तू नसेल तर येणाऱ्याला दुसरीकडे नेऊ नकोस, येथे नाही असे स्पष्ट सांग.' त्यासाठीही वेगळे आकडे आहेत म्हणे, ४०४ आणि ४१०. साहेबांचे म्हणणे, गिऱ्हाइकांना आपल्या संकेतस्थळावर 'नाही' दिसलेले आवडत नाही.

"मग?" आम्ही विचारले.

"मी ते वाक्य काढलं सर, पण खाली नकारार्थी उदाहरणात तेच घातलंय. साहेब उदाहरणं वाचत नाहीत. एजंट वाचतो."

आम्हाला हसू आले. फोन ठेवल्यावर बराच वेळ विचार करीत बसलो. साहेबांच्या नजरेआड राहील आणि यंत्राला दिसेल अशी सूचना लिहिणे, मग ती कितीही भल्यासाठी असो, हेसुद्धा एक न दिसणारे वळणच झाले की नाही? त्याने बरोबर केले की चूक, ते आम्ही अजून त्याला कळवलेले नाही. बकरी ईदला तो येणार आहे.